गाऱ्हाण्यातली जास्तीची ओळ

गोरेगावजवळच्या दिंडोशी वसाहतीत देवाशी थेट ओळख असलेला एकच माणूस राहतो, आणि तो रोज सकाळी पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत दुधाची पिशवी आणायला खाली उतरतो. धोंडूकाका. वय सत्तरीला टेकलेलं, मिश्या पांढऱ्या, गुडघे कुरकुरणारे. आवाज मात्र असा, की देवाला ऐकू आलं नाही म्हणायची सोयच नाही.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे मालवणी माणसाला सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजून घ्यावं की देवापुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचं, की बाबा रे, तुझं हे लेकरू अमुक काम काढतंय, चुकलंमाकलं पोटात घाल आणि यश दे. दर वाक्याला जमलेल्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. देव ऐकतो की नाही हे देवालाच ठाऊक. शेजारी मात्र कान टवकारून ऐकतात, कारण कुणाच्या घरात काय अडलंय हे गाऱ्हाण्यात जेवढं कळतं तेवढं चहा पाजूनही कळत नाही.

आता खरं सांगायचं तर गावात गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा. धोंडूकाका काही घाडी नव्हेत. गावी त्यांना कुणी नारळाच्या वीतभर जवळही उभं केलं नसतं. पण दिंडोशीत घाडी शोधायला कोण जातो? वसाहत नवी होती, मंडळी कुडाळ-कणकवलीकडची होती, आणि पहिल्या होळीला गाऱ्हाणं घालणार कोण असा प्रश्न आल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या चपलांकडे बघितलं होतं. धोंडूकाकांनी घसा खाकरला. संपलं. तेव्हापासून मान त्यांचा.

त्याआधी ते गिरणीत होते. संपात गिरणी गेली, तेव्हा गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटमन म्हणून लागले. तिथे पंचवीस-तीस वर्षं काढली. उंच मचाणावर बसून खालच्या हिरोच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि आपण वर काळोखात घामाघूम व्हायचं. त्यामुळे काकांच्या गजाली, म्हणजे गप्पा, ऐकाव्यात तर कोणती नटी रडताना खरी रडायची, कोणत्या हिरोचे केस संध्याकाळी खोक्यात जायचे, सगळं तपशिलवार. त्यात धोंडूकाका स्वतः कुठे असायचे? वर. काळोखात.

गाऱ्हाण्यांचंही तसंच. काशीरामनं वॉशिंग मशीन घेतलं, गाऱ्हाणं. इमारतीला नवी लिफ्ट आली, गाऱ्हाणं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या अल्पेशनं स्कूटर घेतली, तर तो गुजराती असूनही म्हणाला, “काका, वो आपका व्हय म्हाराजा मेरी गाडी पे भी मार दो ना.” मारलं. अल्पेशची गाडी पुढच्याच महिन्यात चोरीला गेली आणि आठवड्याभरात सापडली. काकांचा भाव वधारला. गाडी मुळात चोरीला का गेली, हे कुणी विचारलं नाही.

एकाच घराचं गाऱ्हाणं काकांना महागात पडलं. ते त्यांचं स्वतःचं.

झालं होतं असं. काकांचा मुलगा देवेश बँकेत लागला, आणि त्याच्यासाठी मुली बघणं सुरू झालं. पाच मुलींनी नकार दिला. ही गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण गणपतीच्या दिवशी चाळीस माणसं हॉलमध्ये कोंबलेली असताना काकांनी डोळे मिटून हाक दिली, “बा देवा म्हाराजा! माझ्या झिलाक पाच पोरींनी नाय म्हटलानी रे म्हाराजा! सहाव्या पोरीक तरी वायच बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चाळीस माणसं ओरडली. त्यातल्या एक बाई सहाव्या मुलीची मावशी होत्या. घर कसं आहे ते सहज बघून जावं, म्हणून आल्या होत्या.

देवेश कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, “बाबा, देवाला सांगताय की पेपरात छापताय? मोदक गार झाले. आटपा आता.”

गाऱ्हाण्यात मध्येच आजवर कुणी बोललं नव्हतं. काकांनी डोळे उघडले. “ज्याका देवापेक्षा मोदक मोठे वाटतत, तेणा आपला दुसरा घर बघूचा.”

देवेशनं बघितलं. मुलुंडला.

गोरेगावच्या माणसाला एक वेळ दुबई जवळ, मुलुंड लांब. मुलुंडला गेला म्हणजे परदेशीच गेला, असं काकांनी धरलं. मजा म्हणजे त्या सहाव्या मुलीला खरंच बुद्धी झाली. लग्न झालं. पत्रिका आली. “त्या दिवशी माझा एक गाऱ्हाणा आसा,” असं सांगून काका गेले नाहीत. सुगंधाकाकी एकट्या गेल्या. या गोष्टीला आता सात-आठ वर्षं उलटली.

तेव्हापासून अल्पेशच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर काका ही गजाल सांगायचे. शेवट ठरलेला, “गेलो तर गेलो! घरातलो उजेड काय कमी झालो नाय, विजेचा बिल तेवढा कमी झाला!” आणि मांडीवर थाप. अल्पेशनं ही गजाल इतक्यांदा ऐकली होती, की थाप पडायच्या आधीच हसून मोकळा व्हायचा आणि वजनकाट्याकडे वळायचा.

तर हे धोंडूकाका. उखडलेला मुलगा मुलुंडला, आणि मांडीवर थाप दिंडोशीत. असंच चालत राहिलं असतं. पण मध्ये काशीरामची ऋतिका आली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काशीराम आणि सपनाची ही एकुलती एक. लग्न होऊन बोरिवलीला गेली. वऱ्हाड निघायच्या आधी गाऱ्हाणं अर्थातच काकांचं. आणि महिना उलटायच्या आत ऋतिका परत. हातात एक बॅग, काखेत आहेरात आलेला मिक्सर.

सपनाला रडायला कारण हवंच होतं. तिनं लग्नाचा व्हिडिओ लावला आणि पदर डोळ्यांना लावून बघायला बसली. सनई झाली, अक्षता झाल्या, गाऱ्हाणं सुरू झालं. सपनाचा पदर अर्ध्यात थांबला. तिनं तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा. आणि तशीच मोबाइल हातात घेऊन तिसरा मजला चढली.

“काका, दार उघडा! माझ्या पोरीच्या संसाराची वाट लावलीत तुम्ही!”

“मी?” काका पेपर वाचत होते. “मी काय केलंय गो?”

“ऐका!” सपनानं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

मोबाइलमधले काका डोळे मिटून उभे होते. नवरीला सुखी ठेव, झालं. जावयाला बरकत दे, झालं. दर वाक्याला मांडव दणाणत होता. आणि मग आलं, “...आणि जो कोण घर सोडून गेलो आसात, तेची पावला परत उंबऱ्याक लाव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” अख्खा मांडव.

“पोरगी घर सोडून निघालीय, मांडवात उभी आहे,” सपना म्हणाली, “आणि तुम्ही देवाला सांगताय परत आण म्हणून! आणली की त्यानं! तुमचं ऐकतो ना तो!”

काकांनी मोबाइलकडे पाहिलं. मग सपनाकडे. “ह्यो माझो आवाज नाय. मोबाइल आजकाल कायव बोलता.”

“तोंड कुणाचं आहे मग?”

आवाज ऐकून जिन्यावर दाराफटीतून माना बाहेर आल्या होत्या. सपनाच्या मागून मिक्सरवाली ऋतिकाही वर आली होती. ती शांतपणे म्हणाली, “आई, मी गाऱ्हाण्याने नाही आले, रिक्षाने आले. ते फ्रिजला कुलूप लावतात. चावी सासूबाईंच्या कमरेला. मी मुकुलला म्हटलं, तर म्हणतो, आईला सवय आहे. मला नाही ना सवय!”

“तू गप गं! देवानं बुद्धी फिरवल्याशिवाय कुणी फ्रिजसाठी घर सोडत नाही!”

“मी सोडलं की.”

एव्हाना खाली बातमी पोचली होती. अल्पेश गल्ला टाकून वर आला, कारण तमाशा फुकट असला की तो कधी चुकवत नाही. आल्या आल्या म्हणाला, “अरे, ये लाइन तो मेरी स्कूटर में भी है!”

“काय?” काका.

“हां काका. ‘परत उंबऱ्याक लाव.’ मेरेको लगा, आप गाडी चोरी होने से पहलेच बोल के रखे. मी तर खूश झालो.” आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला.

मग काय विचारता! ज्याच्या घरी गाऱ्हाणं झालं त्याच्याकडे व्हिडिओ होताच. वॉशिंग मशीन निघालं. लिफ्ट निघाली. लिफ्टच्या वेळी ‘पावला परत उंबऱ्याक लाव’ ऐकून सेक्रेटरीला वाटलं होतं, काका लिफ्ट मध्येच अडकू नये म्हणून सांगताहेत. त्याला ते फार दूरदृष्टीचं वाटलं होतं. होळी निघाली, कुणाचं बारसं निघालं. बाळ तर नुकतंच घरी आलेलं, ते कुठे सोडून जाणार? पण ओळ होती. प्रत्येकात होती. कुणाला ती गाऱ्हाण्याचाच भाग वाटली, कुणाला काकांची सवय वाटली. न कळलेला माणूस एकच, जो ती बोलत होता.

धोंडूकाका खुर्चीत बसून सगळे व्हिडिओ एकामागून एक ऐकत होते. पहिल्या दोनाला ते चिडले. तिसऱ्याला हसायचा प्रयत्न केला. चौथ्याला मात्र त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती कुणी सांगितली नव्हती. बाकी सगळं गाऱ्हाणं ते ओरडून घालत होते, पार जोगेश्वरीच्या गुंफेतल्या देवालाही ऐकू जावं असं. ही एक ओळ आली की आवाज खाली उतरायचा. एखाद्यानं दारातून आत डोकावून ‘आहेस का रे?’ विचारावं, तसा.

एवढ्या हळू बोलणारा हा म्हातारा कोण, असं त्यांना वाटलं. अशा आवाजात आपण कधी बोलतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मांडीवर थाप मारायला हात उचलला गेला खरा, पण थाप पडली नाही. तो हात तसाच गुडघ्यावर फिरत राहिला.

“ते काही नाही,” सपना म्हणाली. “रविवारी आमच्याकडे नारळ ठेवते. ती ओळ मागे घ्यायची. देवाला स्पष्ट सांगायचं, की ते चुकून झालं, गेलेल्यांनी जिथल्या तिथे राहावं.”

“घेऊया की,” काशीराम दारातून म्हणाला. तो आयुष्यभर ‘व्हय म्हाराजा’च म्हणत आलेला माणूस, देवालाही आणि सपनालाही.

सगळे गेल्यावर काका स्वयंपाकघरात आले. सुगंधाकाकी बांगडे साफ करत होत्या.

“तुका म्हायत होता?”

“काय?”

“मी ह्या बोलतंय ता.”

“अख्ख्या इमारतीक म्हायत आसा. माका नसतला?”

“मगे सांगलंस कित्याक नाय?”

काकींनी बांगड्याचं डोकं उडवलं. “तुमी देवाक सांगीत होतास. मधी मी कित्याक तोंड घालू? मधी बोललल्याचा काय होता, ता बघलंय मी.”

काकांनी ताटं मांडली. जेवताना एवढंच म्हणाले, “रविवारी ती ओळ मागे घेवची आसा.”

“घेवा,” काकी म्हणाल्या. “जीभ तुमची.”

आता पेच लक्षात घ्या. सपनाला वाटत होतं, ओळ ऋतिकाची आहे. पण काकांना आता पक्कं कळलं होतं, ती कुणाची आहे. ऋतिकाला बोरिवलीला धाडायला ती मागे घ्यायची, तर मुलुंडवालाही कायमचा मुलुंडला. इतकी वर्षं काकांनी बाकड्यावर बसून सांगितलं होतं, की गेला तर गेला. आता तेच देवापुढे, नारळ ठेवून सांगायचं होतं. आणि देवाची भानगड अशी की तो थाप ऐकत नाही.

शनिवारी काकांनी अल्पेशच्या बाकड्यावर तालीमही करून पाहिली. “गेलो तर गेलो,” म्हणाले, आणि थांबले.

अल्पेश सवयीनं हसला. मग वर बघून म्हणाला, “आगे काका? बिल?”

“बिल वाढला,” काका म्हणाले आणि उठले.

रविवारी काशीरामचा हॉल भरला. गर्दी होळीपेक्षा जास्त. देवाला दिलेला अर्ज परत घेताना कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सात नंबरच्या इमारतीतूनही माणसं आली होती. ऋतिका कोपऱ्यात मिक्सरला टेकून बसली होती. सुगंधाकाकींनी मोबाइल वर धरला होता. त्या कधी व्हिडिओ काढत नसत, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

काकांनी नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या काशीरामच्या घरात नारळ ठेवलो हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मागे ह्या जिभेन तुका एक गोष्ट सांगली होती. जो कोण घर सोडून गेलो आसात...”

मंडळी तयार. सपना पुढे सरकली.

“...जो कोण घर सोडून गेलो आसात, तो म्हाराजा...”

पुढचं येईना. काकांच्या मिश्या हलल्या, पण शब्द नाही. कुणाला तरी ही शांतता सोसवेना, म्हणून मागून एक बारीक ‘व्हय म्हाराजा’ आलं. लोक हसले.

काकांनी डोळे उघडले. डोळे उघडे ठेवून गाऱ्हाणं घातलेलं दिंडोशीनं प्रथमच पाहिलं.

“नाय म्हाराजा,” ते म्हणाले, त्याच खालच्या आवाजात. “मी मागे घेणय नाय. ह्या पोरीचा काय ता ती बघतली, तिका तोंड आसा. फ्रिजाच्या चावयेत मी पडणय नाय. ती ओळ माझी होती. वॉशिंग मशीनाची नव्हती, लिफ्टीची नव्हती. माका माझ्या झिलाची याद येता म्हाराजा. तेचा काय चुकला, ता मी सांगणय नाय. तेच्याबद्दल मागे मी भरपूर सांगलंय, आणि तेणाच सगळो घोळ झालो. आज माझा सांगतंय. माका तो होयो.” मग जरा थांबून, देवाची गैरसोय होऊ नये म्हणून, “मुलुंड पूर्व, स्टेशनापासून चालत, शाळेच्या समोर, तिसरो मजलो.”

हॉलमध्ये क्षणभर कुणाला कळेना, की याला काय म्हणायचं. शेवटी काशीराम म्हणाला, एकटाच, आणि जन्मात पहिल्यांदा सपनाकडे न बघता, “व्हय म्हाराजा!”

मग सगळा हॉल.

सपना तणतणली. “आणि माझ्या पोरीचं काय?”

“माझं मी बोरिवलीला सांगितलंय,” ऋतिका म्हणाली. “कुलूप निघालं की मिक्सर घेऊन जाईन. तोवर आई, तू काकांसारखं स्वतःचं काहीतरी माग ना. सारखी माझ्याच नावाने मागतेस.”

सपना बोलायला तोंड उघडून बसली आणि तशीच राहिली. तिला काय हवंय, हे तिला आठवेना. ती गजाल पुन्हा कधीतरी.

नारळ फुटला, खोबरं वाटलं, काका-काकी घरी आले. चपला काढतायत तोच काकींचा मोबाइल वाजला. त्यांनी तो उचलला, दोन ‘हं’ केले आणि काकांसमोर टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

“बाबा,” देवेशचा आवाज. “आईने व्हिडिओ पाठवला.”

काकांनी काकींकडे पाहिलं. काकी पंख्याकडे बघत होत्या.

“पत्ता चुकलाय,” देवेश म्हणाला.

“आं?”

“मुलुंडचं घर आम्ही गेल्या वर्षी सोडलं. आता भांडुपला असतो. देवाला उगाच त्या तिसऱ्या मजल्यावर पाठवलंत. तिथे आता एक सीए राहतो.”

काका फोनवर ओणवले. “ह्या माका कोणी सांगूक नाय!” मग हळूहळू त्यांची मान काकींकडे वळली. “तुका म्हायत होता?”

“तोरण मीच बांधलंय,” काकी म्हणाल्या. “महिन्यातून एकदा मी जातंय, तो गुडघ्याचो डॉक्टर खय आसता, असा तुमका वाटला?”

फोनमधून हसू आल्यासारखं वाटलं, पण देवेशनं ते खोकल्यात घातलं. “गणपती इथे बसवतोय यंदा,” तो म्हणाला. “गाऱ्हाणं घालायला माणूस नाही. या म्हणून सांगत होतो. पण एक अट आहे.”

“सांग.”

“माझ्याबद्दल देवाला एक अक्षर सांगायचं नाही. माझ्या प्रमोशनचं नाही, माझ्या केसांचं नाही, काही नाही.”

काका विचारात पडले. सबंध आयुष्य दुसऱ्यांची अडचण देवाच्या कानावर घातलेला माणूस. त्यातून दुसरे काढून टाकले, तर गाऱ्हाण्यात उरणार काय, याचा हिशेब ते मनातल्या मनात करत होते.

“मगे बोलू काय?” शेवटी त्यांनी विचारलं, अगदी खरोखर अडून.

“तुमचा काय ता सांगा,” काकी म्हणाल्या.

“माझा तर आज सांगून झाला. आता एका ओळीत संपतला.”

“संपू दे,” पलीकडून देवेश म्हणाला. “मोदक तरी गरम मिळतील.”